घरटी एक माणूस

रस्ता सपाट करणारा ग्रेडर ट्रेलरवर चढवला, साखळ्यांनी आवळला आणि तो चालवणाऱ्या महतो उस्तादनं मला जिल्ह्याच्या नावानं हाक मारली, “चल रे अमरावती.” मी केबिनमध्ये चढलो. रस्त्याचं काम संपलं होतं आणि कंपनीचा कॅम्प आमच्या फाट्यावरून उठत होता. पत्र्याच्या खोल्या आधीच गेल्या होत्या, मागे उरले होते फाटक्या पोत्यांचे ढीग आणि कॅम्पच्या अन्नावर पोसलेली कुत्री. फाट्यावर माय उभी होती. तिनं रोडगे आणि वांग्याची भाजी बांधून आणली होती. एवढी, की ड्रायव्हर, उस्ताद आणि मी तिघांनी मिळून खाल्ली तरी संपायची नाही. भाजी दुपारीच आंबली, ते वेगळं. “वेळेवर जेवजो,” माय म्हणाली, “अन् मशीनच्या मांगं उभा राहू नको.” मग तिनं पदर तोंडाला लावला आणि ट्रेलर हलला.

बाबा आले नव्हते. त्या दिवशी त्यांची पाण्याची पाळी होती. आमच्याकडे पाच घरांचे मळे एका विहिरीवर चालतात. वांगी, मेथी, झेंडू, जे काही पिकतं ते त्या पाण्यावर. पाळी ज्याची त्यानं त्या दिवशी पाणी लावायचं, चुकली तर पुढच्या पाळीपर्यंत वाट पाहायची. त्यामुळे बाबा आले नाहीत हे बरोबरच होतं. पण शेजारच्या काकांना म्हटलं असतं, की पोरगं चाललं, तासभर तुम्ही पाहा, तर ते नाही म्हणाले नसते, हेही तेवढंच बरोबर. मला तेव्हा राग आला होता. खरं सांगतो, अजूनही येतो.

हे मी तुमच्यासाठी लिहून राहिलो. गावात राहिले त्यांच्यासाठी, आणि चाकण, सुरत, हैदराबादकडे पांगलेल्यांसाठीही. लिहितो शाळेत शिकलो तसं, बोलतो वऱ्हाडी, आणि मशीनवर बसलो की शिव्या हिंदीत देतो. आता त्यात गुजरातीही शिरली आहे. तेव्हा भाषा कुठे खडबडीत लागली तर नाक मुरडू नका. पुण्याच्या माणसाला तर आमचं “काहून”, म्हणजे साधं “का”, ऐकूनच वाटतं, की हा भांडायला आला.

तर रस्ता. नांदगाव खंडेश्वरकडून येऊन आमच्या शिवारातून पुढे जाणारा, सरकारी पैशातला, चांगला रुंद रस्ता होणार म्हणून आम्ही पोट्टे नाचत होतो. दहावी-बारावी होऊन घरी बसलेले, वावरात मन न लागणारे आम्ही सगळे. काम सुरू झालं आणि पाहतो तर काय, मुरूम टाकणारा बाहेरचा, पाणी मारणारा बाहेरचा, एवढंच काय, लाल झेंडी धरून उभा राहणाराही बाहेरचा. गावातल्या पोरांना झेंडीसुद्धा धरता येत नाही काय? एका सकाळी सगळ्या गावानं मुरमाचे ट्रक अडवले. बायाही आल्या. पुढे बाबा होते. बाबा म्हणजे मोठे पुढारी वगैरे नाहीत, पण विहिरीवरचं भांडण असो की भावकीचं, मिटवायला लोक त्यांनाच बोलावत. त्यांचा शब्द कोणी मोडत नसे, कारण ते स्वतः कधी मोडत नसत.

कंपनीचा इंजिनीअर आला. तरुण होता, उन्हानं लाल झालेला. बाबांनी त्याला शांतपणे विचारलं, की काम देताना सरकारनं गावच्या माणसांना घ्यायची अट घातली की नाही? त्यानं खाली पाहिलं. अट होती. संध्याकाळपर्यंत बोलणं होऊन गावाला काही जागा मिळाल्या. आम्ही गुलाल उधळला. निवडणूक जिंकल्यावर उधळतात तेवढा.

आता जागा थोड्या आणि घरं जास्त. रात्रीपर्यंत भांडणं लागली असती, पण बाबांनी ती लागू दिली नाहीत. ते उठून म्हणाले, “भांडता कायले? पाण्याची पाळी हाय, तशी कामाची लावू. घरटी एक मानूस, हप्त्या-हप्त्यानं. कोनाचंच घर सुटलं नाही पाह्यजे.”

सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. मी तर टाळ्याही वाजवल्या होत्या. आमच्या लोकांना दुसरं काय सुचणार होतं? विहीर पाळीवर, देवळाची दिवाबत्ती पाळीवर, रानडुकरांसाठी वावरातली जागल पाळीवर. जे सगळ्यांचं ते पाळीनं घ्यायचं, एवढा एकच न्याय आम्हाला माहीत होता, आणि तो वाईटही नव्हता. पण पाणी शिकावं लागत नाही. काम शिकावं लागतं. हा फरक कोणाच्या ध्यानात आला नाही, आणि आला असेल त्यानं सांगितला नाही.

माझी पाळी पहिल्याच हप्त्यात आली. मला ग्रेडरच्या पुढे दगड वेचायला लावलं. ग्रेडर म्हणजे ते लांब मानेचं पिवळं मशीन, पोटाखाली आडवं पातं असलेलं. मुरमाचे ढीग ते असे पसरतं आणि उतार असा काढतं, की पावसाचं पाणी रस्त्यावर थांबू नये. त्यावर महतो उस्ताद बसायचे, झारखंडचे. दुपारी सगळे जेवायला गेले की मी मशीनजवळ घुटमळायचो. त्यांनी एकदा विचारलं, बसणार का? मी चढलो. त्यांनी माझा हात दांड्यावर ठेवला आणि वरून आपला ठेवला. पातं खाली गेलं तेव्हा अख्खं मशीन माझ्या बुडाखाली कुरकुरलं. मी सायकल शिकलो तेव्हाही एवढा खूश नव्हतो. हप्ता संपता संपता उस्तादनं इंजिनीअरला सांगितलं, की हा पोरगा मला हेल्पर म्हणून द्या, याच्या बुडाला मशीन कळतं. इंजिनीअर हो म्हणाला.

बाबा नाही म्हणाले.

पुढच्या सोमवारी दिन्याच्या घराची पाळी होती. दिन्या म्हणजे माझा शाळेपासूनचा दोस्त. त्याचं घर आमच्या घराच्या पाठीला पाठ लावून. मी बाबांना म्हटलं, दिन्याला दुसरीकडे लावा, मला तिथंच राहू द्या. बाबांनी जेवताना हात थांबवला. “पाळी म्या सांगतली,” ते म्हणाले, “अन् माह्याच पोरानं मोडावं? लोकं काय म्हनतीन?” माझी माय चुलीपाशी बसली होती. तिनं तव्यावरची भाकर उलटली. सोमवारी दिन्या गेला आणि मी मळ्यात मेथीच्या जुड्या बांधत बसलो.

दिन्या गेला, तोही मशीनवर चढला, त्यालाही उस्तादनं दांडा धरू दिला. हप्त्यानं तोही उतरला. मग आणखी कोणी. मग आणखी कोणी. दर सोमवारी नवी माणसं, दर सोमवारी तेच सांगणं, की मशीनच्या मागे उभं राहू नका. मध्ये पोळा आला तर दोन दिवस कोणीच फिरकलं नाही. शेवटी इंजिनीअर कंटाळून आमच्या मळ्यात आला. मी तिथंच होतो. चहा घेतला नाही, बांधावर उभ्यानंच बोलला. “बाबाजी, आप लोग काम नहीं कर रहे, प्रसाद बाँट रहे हो. सबको एक-एक चुटकी.”

बाबांना राग आला. ते म्हणाले, प्रसाद सगळ्यांना भेटला पाह्यजे, त्यात वाईट काय? इंजिनीअरनं कपाळाला हात लावला आणि गेला. त्यात वाईट काय, हे कळायला आम्हाला रस्ता संपावा लागला. पुढचं सगळं बारकाईचं काम, सळईचं, मोऱ्यांचं, डांबराच्या मशीनचं, बाहेरून आलेल्यांनी केलं. अट पाळली गेली होती, गावच्या माणसांच्या हजेऱ्या रोज भरत होत्या, पण गावच्या हातात राहिली होती ती लाल झेंडी आणि घमेलं. रस्ता झाला तेव्हा गावात प्रत्येक घरातल्या माणसानं थोडं थोडं काम केलेलं होतं आणि एकालाही काम येत नव्हतं.

मला आलं, कारण मी पळालो. पळालो म्हणजे महतो उस्तादच्या मागे लागलो, हेल्पर म्हणून न्या. ते म्हणाले, पुढचं काम छत्तीसगडला आहे, घरच्यांना विचारून ये. मी मायला विचारलं. बाबांना नुसतं सांगितलं. ते म्हणाले, “जाय.” एवढंच. पाळी लावणाऱ्या माणसाच्या पोरानं पाळीबाहेरचं काम धरलं, पण गावाच्या शिवेबाहेर धरलं, म्हणून त्यांना बोलायला जागा नव्हती. पण आनंदही नव्हता.

त्यानंतर छत्तीसगड, मग ओडिशा, मग राजस्थान, आता गुजरात, भरूचकडे. उस्ताद गावी परतले आणि त्यांच्या सीटवर मी बसलो. लग्न झालं, बायको अकोटची. तिला वाटलं होतं, नवरा मशीनवाला म्हणजे जिनिंगमध्ये असेल. तिच्या माहेरी मशीन म्हटलं की कापसाचंच. लग्नानंतर पत्र्याच्या खोलीत आली तेव्हा दोन दिवस बोलली नाही, तिसऱ्या दिवशी तव्यावर भाकर टाकली आणि म्हणाली, इथल्या पिठाला चव नाही. तिचा हा निकाल अजून कायम आहे. आमची पोरगी मात्र इथल्याच शाळेत जाते, तिच्या प्रवेशासाठी आधारवरचा पत्ता बदलावा लागला. मैत्रिणींशी गुजरातीत भांडते. आजीशी फोनवर बोलताना वऱ्हाडी शब्द चाचपडते. माय म्हणते, पोरगी गोड बोलते, पण पाहुन्यावानी बोलते.

मधल्या काळात एक गोष्ट झाली, ती सांगतो. साइटवर एका सकाळी आजूबाजूच्या गावातली पोरं मोटरसायकली आडव्या लावून उभी राहिली. “अमने काम आपो.” आम्हाला काम द्या. मी ग्रेडरवर होतो, इंजिन बंद केलं. समोर एक म्हातारा होता, पांढऱ्या टोपीतला, आमच्या साहेबाशी न ओरडता बोलणारा. हे लोक मला उठवायला आले होते, आणि त्यांचं म्हणणं शब्दाशब्दानं माझं होतं. काय करणार? खाली उतरून टायरपाशी बसलो आणि तंबाखू मळत राहिलो. संध्याकाळी तडजोड झाली, त्यांना झेंडीची आणि पाण्याच्या टँकरची कामं मिळाली. ती पोरंही खुशीत ओरडली. मला वाटलं जाऊन सांगावं, बाबांनो, झेंडी घेऊ नका, सीट मागा. पण सीट तर माझीच होती.

गेल्या वर्षी गावाहून फोन आला. दिन्याचा. तो दरम्यान पुण्याकडे एका कारखान्याच्या गेटवर सिक्युरिटीला होता. ते काम सुटलं आणि बायकोपोरांसह गावी परत आला होता. म्हणाला, गावाच्या वरच्या अंगाला सरकारी तलाव होऊन राहिला, कालवा आपल्या मळ्यांच्या बाजूनं जाणार, आणि कालव्याच्या कडेनं रस्ता. अट पुन्हा तीच, गावची माणसं. या वेळी सरपंचबाईंनी मशीनवरची जागाही मागून घेतली होती. ग्रेडरवर गावचा माणूस बसणार. नाव ग्रामसभा देणार.

माझी रात्रभर झोप उडाली. ग्रेडर, आणि आमच्या मळ्याच्या बाजूनं! मी बायकोला म्हटलं, चल. तिनं विचारलंही नाही कुठे, ट्रंक ओढली. मायला सांगितलं तर तिनं दुसऱ्या दिवशी मागची खोली रिकामी करून चुना मारला. पोरीच्या दप्तरासाठी भिंतीला खुंटीसुद्धा ठोकून घेतली. मी सुट्टी टाकून एकटाच पुढे आलो, कंपनीच्या माणसाला भेटलो. तो खूश. म्हणाला, तयार ऑपरेटर मिळतोय, शिकवायचा त्रास नाही, फक्त ग्रामसभेचं हो आण.

ग्रामसभा ग्रामपंचायतीपुढच्या मांडवात भरली. सरपंचबाई सरळ बोलल्या, की नियमानं इथं राहणारा माणूस पाहिजे. यांचा पत्ता गुजरातचा आहे. पण पोरगं गावचं आहे, सभा हो म्हणाली तर मी अडवणार नाही. दुसरं नाव होतं दिन्याचं. त्याला मशीन येत नव्हतं. कंपनीनं शिकवायचं कबूल केलं होतं, पण नाखुशीनं. दिन्या माझ्याकडे पाहत नव्हता. लोक माझ्या बाजूनं कुजबुजत होते, ज्याला येतं त्याला द्या म्हणून. मला वाटलं, झालं. मी मनात घरी आलो होतो.

मग बाबा उठले. आता ते काठी घेतात. उठायला वेळ लागला, तेवढा वेळ सगळे थांबले.

“मांगच्या वेळी पाळी म्या लावली,” ते म्हणाले. “चूक झाली. घरटी एक मानूस कामाले गेला, अन् एकही कामाचा नाही झाला. या खेपेले पाळी नोको. ज्याले बसवाचं त्याले शिकेपर्यंत उठवू नोका.” मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता माझं नाव घेतील. “माह्या पोराले काम येते. ज्याले येते त्याले कुठंबी भेटते. ज्याले येत नाही त्याले इथंच भेटलं पाह्यजे. दिन्याले बसवा.”

आणि सगळ्यात आधी हात त्यांनीच वर केला. मग बाकीचे झाले.

मी मांडवातून उठलो आणि तडक मळ्यात गेलो. अंगाचा तिळपापड झाला होता. माझा बाप, आणि दोनदा! गावाला न्याय द्यायचा म्हटला की यांना घरातलंच माणूस दिसतं. थोड्या वेळानं बाबा आले, बांधावर बसले, दम घेतला.

“राग आला?”

“आला.”

“येनंच हाय,” ते म्हणाले. “पन दिन्या हप्त्यानं मशीनवरून उतरला होता नं, तवा तो मले एक शब्द बोलला नाही. तू तरी भांडला. तो गपचूप घमेलं उचलून गेला. इतके वर्स त्याच्या घरावरून जातो मी.”

बरोबर होतं. बाबांचं नेहमी बरोबरच असतं, हीच तर पंचाईत. मी एवढंच विचारलं, मग मी कधी येऊ? ते वाफ्यातलं गवत उपटत राहिले. मग म्हणाले, “येत जाय नं. कामाबिगर ये.” त्यांना कसं सांगू, की आमच्यासारख्यांना कामाबिगर येणं म्हणजे पोळा-दिवाळीला पिशवी घेऊन येणं आणि परतीच्या एस.टी.चं बघत राहणं.

घरी मायनं ऐकलं होतं. तिनं मला वाढलं, बाबांना वाढलं, आणि बाबांच्या ताटात भाकर ठेवताना म्हणाली, “गावासाठी तुमी लय चांगले हा. घरासाठी कवा होसान?” बाबा जेवले नाहीत. मीही नाही. बायकोला फोन करायचा होता, तिनं ट्रंक भरून ठेवली असणार म्हणून तो सकाळवर ढकलला.

आता मी पुन्हा भरूचकडे आहे. तुम्ही विचाराल, घर कुठे म्हणायचं. बायको सामान लावते तिथं, असं मी लोकांना हसून सांगतो. ते खरं नाही.

दिन्या शिकतो आहे. त्याला चिकाटी आहे. अडलं की मशीन बाजूला उभं करतो आणि मला व्हिडिओ कॉल लावतो. पातं किती तिरपं ठेवू, मुरूम एका अंगाला का सरकते, उतार कसा धरू. सुरुवातीला मी तुटक बोलायचो. मग एकदा त्यानं मला मुरूम दाखवायला मोबाईल काचेच्या बाहेर फिरवला, आणि मुरमाच्या पलीकडे मला आमचा मळा दिसला. सगळा. विहीर, झेंडूचे वाफे, आणि वाफ्यात वाकलेले बाबा. फोनवर बोलताना ते नेहमी, सगळं बरं हाय, म्हणतात. वर्षभरात एवढे वाकले असतील हे मला माहीत नव्हतं.

आता दिन्याचा फोन आला की मी हातातलं काम टाकतो. त्यानं एक विचारलं तर दोन सांगतो. समजलं म्हणाला तरी म्हणतो, पुन्हा एकदा ऐक. त्याला वाटतं, मी मनापासून शिकवतो. शिकवतोच. पण मधेच म्हणतो, “दिन्या, मोबाईल जरासा डावीकडे कर.”

“इकडे तं काही नाही बे, तुमचा मळा हाय.”

“हाव. तसाच धर.”